जन्मजात

नांगरतळच्या उपजिल्हा रुग्णालयात 'टिकली' आली, त्याला त्या फेब्रुवारीत जेमतेम पाच महिने झाले होते. सरकारी कागदावर तिचं नाव 'ध्वनी-श्वासमार्ग आलेखक' असं होतं. पण नाण्याएवढी ती मऊ चकती रुग्णाच्या गळ्याच्या खळगीत चिकटवायची असल्यामुळे बारदेस्कर सिस्टरनी पहिल्याच दिवशी तिला टिकली म्हटलं, आणि महिन्याभरात औषधभांडाराच्या मागणीपत्रातसुद्धा 'टिकल्या, नग वीस' असं लिहून जाऊ लागलं.

तिचं काम समजायला सोपं होतं. माठ घेताना आपण तो बोटानं वाजवून बघतो. आवाजावरून कळतं, कुठं चीर आहे, कुठं भाजणी कच्ची राहिली आहे. टिकली तेच करायची. कानाला ऐकू न येणारे सूक्ष्म ध्वनी ती श्वासनलिकेत सोडायची आणि परतणाऱ्या पडसादांवरून आतल्या पोकळीचा नकाशा काढायची. नळी कुठं किती रुंद आहे, कुठं सूज आहे, कुठं व्रण आहे, ते मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत. पूर्वी एवढं बघायला भूल देऊन दुर्बीण घालावी लागे. आता मूल आईच्या मांडीवर बसलेलं असतानाच त्याचा गळा आतून पडद्यावर दिसायचा. आणि लाखो गळ्यांच्या नकाशांवर शिकून तयार झालेली असल्यामुळे टिकली आणखी एक पाऊल पुढं जायची. व्रण दिसला की तो किती जुना आणि कशामुळे झालेला असावा, हेही ती सांगायची.

डॉ. उत्तरा नाडगौडांना हे शेवटचं वैशिष्ट्य सुरुवातीला गमतीचं वाटलं होतं.

उत्तरा या रुग्णालयातली एकुलती एक भूलतज्ज्ञ. वय चव्वेचाळीस. अकरा वर्षांपूर्वी ती इथं आली तेव्हा दोन वर्षांत कोल्हापूरला बदली करून घ्यायची असं ठरवूनच आली होती. पण घाटमाथ्यावरच्या त्या तालुक्यात तिचं नाव झालं. काजूच्या बागांमधून, कारखान्यांमधून, धनगरवाड्यांवरून लोक 'नळीवाल्या बाईंकडे न्या' असं म्हणत पोरं घेऊन येत. ते ऐकायला तिला आवडायचं. ती राहिली.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, समीक्षा गावडे आपल्या मुलीला कडेवर घेऊन धावत आत आली.

समीक्षाला उत्तरा चांगली ओळखत होती. साडेतीन वर्षांपूर्वी तिची कस्तुरी चार महिन्यांची असताना न्यूमोनियानं निळी पडून इथं आली होती. उत्तरानं तिच्या श्वासनलिकेत नळी घातली, सहा दिवस व्हेंटिलेटरवर ठेवलं आणि वाचवलं. तेव्हापासून दर वर्षी मुलीच्या वाढदिवसाला समीक्षा तिला नवा फ्रॉक घालून रुग्णालयात आणायची आणि उत्तराच्या पायावर घालायची. उत्तरा "अगं, हे काय" म्हणत मुलीला उचलून घ्यायची.

आज कस्तुरी आईच्या खांद्यावर ताठ बसली होती. मान पुढं काढलेली, डोळे मोठे. दर श्वासाला तिच्या गळ्यातून करवतीनं ओलं लाकूड कापल्यासारखा आवाज येत होता. गळ्याची खळगी आणि बरगड्यांमधली कातडी प्रत्येक वेळी आत ओढली जात होती.

"दोन दिवस सर्दी होती, मॅडम," समीक्षा धापा टाकत म्हणाली. "सकाळपासनं असं व्हायला लागलंय. वाफ दिली, पंप दिला, कशानं कमी न्हाई."

"खाली ठेवू नकोस तिला. तशीच मांडीवर घेऊन बस. आणि समीक्षा, तू रडायचं नाहीस. तू रडलीस की ती रडेल."

तरुण वैद्यकीय अधिकारी जिभेवर दाबायची पट्टी घेऊन पुढं आला, त्याला उत्तरानं हातानंच थांबवलं. अशा मुलाचा घसा उघडून बघायचा नसतो, सुई टोचायची नसते, आडवं करायचं नसतं. मूल भेदरून रडलं तर उरलेली वाटही बंद होते. बारदेस्कर सिस्टरनी प्राणवायूची नळी कस्तुरीच्या नाकाला न चिकटवता तोंडासमोर धरली आणि दुसऱ्या हातानं, जणू खेळातच, तिच्या गळ्यावर टिकली लावली.

"बघ, आईसारखी टिकली."

पडद्यावर नकाशा उमटला. स्वरयंत्राच्या जरा खाली, जिथं या वयात साडेसहा मिलिमीटर रुंदी असायला हवी, तिथं आकडा होता २.४.

या आकड्याची भीती सामान्य माणसाला वाटणार नाही. अडीच मिलिमीटर म्हणजे उसाचा रस प्यायच्या नळीच्या निम्मं. पण वाहत्या हवेचं गणित निष्ठुर असतं. नळीची रुंदी निम्मी झाली तर हवा ओढायला दुप्पट जोर लागत नाही, सोळापट लागतो. मोठ्या माणसाच्या घशाला मिलिमीटरभर सूज आली तर त्याचा आवाज बसतो. लहान मुलाला तेवढीच सूज आली तर त्याचा जीव जाऊ शकतो. चार वर्षांचीही न झालेली कस्तुरी त्या क्षणी पन्नासपट जोर लावून श्वास घेत होती, आणि किती वेळ लावू शकेल हे तिच्या बरगड्यांवर अवलंबून होतं.

"अ‍ॅड्रेनलिनची वाफ. स्टेरॉइड तोंडानं. आणि नवजात बाळाच्या नळ्या काढा, सिस्टर, अडीच नंबर."

वाफ सुरू झाली. सूज थोडी ओसरली, २.४ चे २.९ झाले, ३.० झाले. तिथं आकडा थांबला. टिकलीनं त्याच वेळी नकाशातला तो अरुंद भाग लाल वर्तुळानं दाखवला, आणि खाली ओळी उमटल्या.

*सुजेखाली जुना वर्तुळाकार व्रण. वय अंदाजे साडेतीन वर्षे. संभाव्य कारण: श्वासमार्गात घातलेल्या नळीच्या फुग्याचा अतिरिक्त दाब. खात्री: ९३ टक्के.*

उत्तरानं ते वाचलं. पुन्हा वाचलं नाही. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. शेजारी उभ्या असलेल्या बारदेस्कर सिस्टरही पडद्याकडेच बघत होत्या. उत्तरानं बोट फिरवून ती चौकट पुसून टाकली आणि म्हणाली, "ही आता दमत चालली आहे. थिएटरमध्ये घ्या. आईच्या मांडीवरच."

पुढची वीस मिनिटं तिनं जे केलं त्यात काही उणं काढण्यासारखं नव्हतं. कस्तुरीला बसल्या बसल्या, आईच्या छातीला टेकूनच, भुलीचा वायू हुंगवत तिनं झोपवलं. मुलीचा स्वतःचा श्वास एकदाही थांबू दिला नाही, कारण थांबलेला श्वास पुन्हा सुरू करून देता येईल याची खात्री नव्हती. गळ्याला बाहेरून छेद द्यायची वेळ आली तर म्हणून सर्जन हातमोजे घालून उभे होते. समीक्षाला बाहेर पाठवलं. मग मुलीला आडवं केलं, पात्यानं जीभ उचलली आणि नवजात बाळाची, बिनफुग्याची, बाहेरून साडेतीन मिलिमीटर जाडीची नळी त्या तीन मिलिमीटरच्या वाटेवर टेकवली. जोर लावला नाही. नुसती टेकवून बोटांमध्ये हलकेच फिरवत राहिली. सुजलेलं अस्तर हळूहळू बाजूला सरकलं आणि नळी आत गेली.

छाती दोन्ही बाजूंनी वर आली. करवतीचा आवाज बंद झाला.

उत्तरा बाहेर आली तेव्हा समीक्षा भिंतीला पाठ लावून खाली बसली होती. उत्तरानं होकारार्थी मान हलवली, तरी ती उठली नाही; बसल्या बसल्याच पुढं सरकली आणि दोन्ही हातांनी तिचे पाय धरले.

"दुसऱ्यांदा दिलात, मॅडम. दुसऱ्यांदा."

उत्तरानं पाय मागं घ्यायचा प्रयत्न केला, पण समीक्षानं घट्ट धरले होते. सगळे बघत होते. कुणीतरी डोळे पुसले. उत्तरा तशीच उभी राहिली, खाली न बघता.

---

दुपारी ती आपल्या खोलीत अहवाल लिहायला बसली. टिकलीच्या निष्कर्षाशी जुळणारी जुनी कागदपत्रं यंत्रणेनं स्वतःच शोधून शेजारी मांडून ठेवली होती.

श्वासनलिकेत घालायच्या नळीच्या टोकाशी एक छोटा फुगा असतो. नळी घातल्यावर तो बाहेरून फुगवायचा, म्हणजे नळीच्या कडेनं हवा गळत नाही. पण त्याचा दाब मर्यादेत ठेवावा लागतो. पंचवीस ठीक, तिशीच्या वर गेला की अस्तराचा रक्तपुरवठा थांबतो, तिथं जखम होते, आणि जखम भरताना आक्रसत जाऊन वाट अरुंद करते. साडेतीन वर्षांपूर्वी त्या चार महिन्यांच्या बाळाला घाईघाईत घातलेली नळी एका नंबरानं लहान होती. हवा गळत होती. गळतीची घंटा सारखी वाजत होती. उत्तरानं फुगा जास्त फुगवला. मग दाबाची घंटा वाजू लागली.

पडद्यावर रांग होती. *दाब ४१. इशारा बंद केला: डॉ. उ. नाडगौडा.* तीच ओळ, सहा दिवसांत, एकोणीस वेळा.

पहिल्या दिवशी तिनं नळी बदलली नाही हे बरोबरच होतं; बाळ इतकं नाजूक होतं की बदलताना गेलं असतं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी बारदेस्कर सिस्टर म्हणाल्या होत्या, "मॅडम, आता बाळ ठीक आहे. नळी बदलू या का?" आणि उत्तरा म्हणाली होती, "राहू दे, चाललंय की." तेव्हा बाहेर व्हरांड्यात गावडेंचे पाहुणे, काजू कारखान्यातल्या बाया, कुठला तरी पंचायत सदस्य, सगळे तिचं कौतुक करायला उभे होते. वाचलेलं बाळ पुन्हा पणाला लावायची तिची छाती झाली नाही. बाळाची काळजी होती, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. आता एकटीच बसून ती रांग वाचताना तिला ते नीट आठवलं. काळजी कौतुकाची होती.

आणि त्यानंतर? दर वाढदिवसाला समीक्षा म्हणायची, "मॅडम, सर्दी झाली की हिचा आवाज घरघरतोय." आणि उत्तरा स्टेथोस्कोप लावून म्हणायची, "बाळदमा आहे. वयाबरोबर जाईल." पंप तिनंच लिहून दिला होता.

पडद्यावर दोन पर्याय होते. *कारण मान्य. कारण अमान्य.* मान्य केलं तर अहवाल आपोआप जिल्हा चौकशी समितीकडं जाणार होता. अमान्य केलं तर दुसरं कारण नोंदवायचं होतं. यादी तयार होती. संसर्ग, भाजणे, बाह्य इजा, जन्मजात. तज्ज्ञ डॉक्टरचा शब्द यंत्राच्या शब्दापेक्षा वरचढ मानला जाई.

'जन्मजात' हा शब्द तिला निरुपद्रवी वाटला. त्यात कुणाचाच दोष नसतो, असं तिच्या मनात आलं. तिनं त्यावर बोट ठेवलं.

संध्याकाळी पाळी बदलताना बारदेस्कर सिस्टर अहवालाची प्रत फाइलला लावत होत्या. त्यांनी ती वाचली. नेहमी जाताना "येते, मॅडम" म्हणायच्या, ते त्या दिवशी म्हणाल्या नाहीत.

---

चौथ्या दिवशी नळी निघाली. कोल्हापूरला मोठ्या रुग्णालयात फुग्यानं वाट रुंद करायची शस्त्रक्रिया ठरली. सूज पूर्ण उतरायला दोन महिने द्यायचे होते. तोवर टिकली गळ्यावर ठेवून कस्तुरी घरी गेली.

सहा आठवड्यांनी, बुधवारच्या बाह्यरुग्ण विभागात, समीक्षा परत आली. कस्तुरी बारदेस्कर सिस्टरजवळ रबरी हातमोज्याचा फुगा करून खेळत बसली. समीक्षा आत येऊन खुर्चीच्या कडेवर टेकली. तिचा चेहरा ओळखू न येण्याइतका उतरला होता.

"कस्तुरी ठीक आहे ना?"

"ठीक हाय." समीक्षा थांबली. "मॅडम, एक विचारायचं होतं. तुम्हीच खरं सांगाल म्हणून आले. उद्या गडहिंग्लजला नाव घातलंय. दोन महिने झालेत मला. पाडायचं ठरलंय."

उत्तराला क्षणभर काही कळलं नाही. "का? काही त्रास आहे?"

समीक्षानं फोन पुढं केला. गरोदर बायकांच्या सरकारी नोंदणीचं पान होतं ते. सगळ्या रुग्णालयांची दप्तरं आता एकमेकांना जोडलेली होती. कस्तुरीच्या अहवालातला एक शब्द तिच्या आईच्या पानावर येऊन बसला होता. *पहिल्या अपत्यात श्वासमार्गाचा जन्मजात दोष. पुनरावृत्तीची शक्यता. समुपदेशन घ्यावे.*

"आत्ती म्हणतात, मी सांगत होते, पोटुशी असताना काजूच्या धुरात जाऊ नको." आत्ती म्हणजे तिची सासू. "मी सातव्या महिन्यापर्यंत भट्टीवर जात होते, मॅडम. टरफलांचा धूर घशाला किती लागतो, तुम्हाला माहीत हाय. आम्हा बायकांना खोकला यायचा, तर पोटातल्या पोराचा गळा कवळा असणारच की. त्या वाईट बोलत न्हाईत. रडतात आणि म्हणतात, झालं ते झालं, आता दुसऱ्या जीवाचं असं नको. नवरा, ओंकार, तो तर बोलतच न्हाई. मी भट्टीवर जायचं सोडलं. पण जे व्हायचं ते तर आधीच झालंय न्हवं? हे दुसरं पण माझ्याच पोटात हाय."

बोलताना ती रडत नव्हती. रडणं कधीच संपलेलं होतं.

उत्तरा टेबलाकडं बघत म्हणाली, "हे बघ, जन्मजात म्हणजे आनुवंशिक नव्हे. दुसऱ्या बाळाला तसंच होईल असं काही नाही. शक्यता फार कमी आहे. तू उद्या जाऊ नकोस."

हे खोटं नव्हतं. पण तिला स्वतःलाच ऐकू आलं, की आपण अजून स्वतःला वाचवतोय. मूलही वाचवू आणि शब्दही वाचवू, असं बघतोय.

समीक्षानं मान हलवली. "म्हणजे दुसऱ्याला होणार न्हाई. पण कस्तुरीला झालं ते माझ्यामुळंच ना?"

दारात बारदेस्कर सिस्टर उभ्या होत्या. त्या कधी आल्या ते उत्तराला कळलं नव्हतं. त्यांच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. त्या नुसत्या वाट बघत होत्या, साडेतीन वर्षांपूर्वी त्या दुपारी नळी बदलू या का विचारताना बघितली होती तशी.

"नाही," उत्तरा म्हणाली.

ती आता टेबलाकडं नव्हे, समीक्षाकडं बघत होती. "तुझ्यामुळे नाही. धुरामुळे नाही. ते जन्मजात नाहीच, समीक्षा. कस्तुरी जन्मली तेव्हा तिचा गळा चांगला होता. न्यूमोनियात मी नळी घातली, तिचा फुगा मी जास्त फुगवला. मशीन सांगत होतं, दाब जास्त आहे. मी इशारा बंद करत राहिले. एकोणीस वेळा. दुसऱ्या दिवशी नळी बदलता आली असती, ती मी बदलली नाही. तिथं जखम झाली, त्याचा हा व्रण आहे. टिकलीनं मला त्या दिवशीच सांगितलं. अहवालात मी जन्मजात लिहिलं, ते खोटं लिहिलं."

बाहेर कस्तुरीच्या हातातला हातमोज्याचा फुगा सुटला आणि ती खिदळली. त्या हसण्यामागं श्वासाची बारीक शीळ होती.

"माझ्यामुळं न्हाई?" समीक्षानं विचारलं.

"नाही."

"भट्टीवर गेले त्यानं न्हाई? अगदी थोडंपण न्हाई?"

"अजिबात नाही."

समीक्षानं डोळे मिटले आणि खुर्चीच्या पाठीला टेकली. दीड महिन्यात पहिल्यांदाच टेकली असावी. तिच्या चेहऱ्यावर जे पसरलं ती सुटका होती, निखळ सुटका, आणि ती बघणं उत्तराला शिव्या खाण्यापेक्षा जड गेलं. ज्या बाईचं आपण इतकं नुकसान केलं, ती आपल्या कबुलीनं क्षणभर सुखी झाली होती.

मग समीक्षाचे डोळे उघडले. आता तिला उरलेलं सगळं ऐकू आलं होतं.

"दर वर्षी," ती हळू आवाजात म्हणाली, "मी तिला तुमच्या पायावर घालत होते."

तिनं दाराबाहेर कस्तुरीकडं बघितलं.

"आणि तुम्ही घालून घेत होता."

ती उठली, बाहेर गेली आणि मुलीला कडेवर घेऊन निघाली. बारदेस्कर सिस्टर फाटकापर्यंत तिच्याबरोबर गेल्या.

उत्तरानं त्याच खुर्चीत बसून अहवाल उघडला. निष्कर्ष बदलायचा म्हटल्यावर यंत्रणेनं कारण विचारलं. टंकदोष, नवीन माहिती, इतर. तिनं 'इतर' निवडलं आणि रिकाम्या जागी लिहिलं, *मी जाणूनबुजून खोटे कारण नोंदवले होते.* ही नोंद समितीकडे जाईल, पुढे जायचे का, असं पडद्यानं विचारलं. तिनं होय म्हटलं. हे धैर्य नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. उद्याची ती गडहिंग्लजची तारीख मध्ये आली नसती तर तो शब्द तिनं आयुष्यभर तसाच राहू दिला असता.

---

समितीसमोर उत्तरानं वकील घेतला नाही. दोन वर्षं मुलांना भूल देण्याचा अधिकार काढून घेतला गेला. नांगरतळला लहान मुलांसाठी कोल्हापूरहून आठवड्यातून तीनदा एक तरुण डॉक्टर येऊ लागला. बाकीचे चार दिवस लोक पोरं घेऊन घाट उतरत. 'नळीवाल्या बाई' म्हणणं हळूहळू बंद झालं. बाजारात ओळखीचे लोक नमस्कार करायचे, पण थांबायचे नाहीत. उत्तराला कोल्हापूरला जाता आलं असतं. बदलीचा अर्ज तिनं दोनदा लिहिला आणि दोनदा फाडला. इथं सगळ्यांना माहीत होतं, तेच तिला पुरेसं वाटायचं. जिथं माहीत नसेल तिथं पुन्हा कुणीतरी पाया पडलं असतं.

कस्तुरीची शस्त्रक्रिया झाली, एकदा नव्हे तर तीनदा. उत्तराला समीक्षानं काही कळवलं नाही. बारदेस्कर सिस्टरनी एकदा चहा पिता पिता, कपाकडं बघत सांगितलं, "पाच पॉइंट आठ झालंय म्हणे." एवढंच. पण त्या दिवशी जाताना त्या "येते, मॅडम" म्हणाल्या.

सप्टेंबरात समीक्षा आली. सातवा महिना लागला होता. ती बसली नाही.

"कागद पाहिजे," ती म्हणाली.

"कसला?"

"त्या जन्मजातच्या अहवालाचा एक कागद घरी हाय, आत्तीनं जपून ठेवलेला. तुम्ही मशीनमधी बदललंय, ते मला दिसतंय. ओंकारला पण दाखवलं. पण आत्तींना मशीनमधलं पटत न्हाई. म्हणतात, पहिला कागद डॉक्टरणीनं दिलेला, सहीचा. कुणी शेजारीण आली की तोच काढून दाखवतात. मला त्याच्यासारखा कागद पाहिजे. हातानं लिहिलेला."

"मी घरी येऊन सांगू का त्यांना? मी येते. आत्ता येते."

"नको," समीक्षा लगेच म्हणाली. "घरी नको."

उत्तरानं मान खाली घातली आणि कोरा कागद घेतला. हातानं लिहायची सवय मोडली होती; अक्षर वाकडं येत होतं. तिनं लिहिलं, *कु. कस्तुरी ओंकार गावडे हिच्या श्वासनलिकेतील दोष जन्मजात नाही. यात तिच्या आईचा दोष नाही.* कागद फिरवून समोर केला.

समीक्षानं ओळीखाली बोट फिरवत वाचलं. "'काहीही' घाला. काहीही दोष न्हाई."

उत्तरानं शब्दाच्या डोक्यावर खूण करून 'काहीही' घातलं.

"न्हाई, असं नको. मधी घुसडल्यागत दिसतंय. नवा कागद घ्या."

उत्तरानं नवा कागद घेतला, पहिल्यापासून लिहिलं. समीक्षानं पुन्हा वाचलं. वाचून झाल्यावरही तिचं बोट शेवटच्या ओळीखालीच होतं.

"कुणाचा हाय ते पण लिहा. न्हाईतर आत्ती म्हणतील, मग कुणाचा?"

उत्तरानं पेन पुन्हा टेकवलं. आपलं पूर्ण नाव, पदवी, हुद्दा. पुढं, *हा दोष माझ्या चुकीमुळे झाला व तो मी लपवला.* खाली सही, तारीख.

"शिक्का," समीक्षा म्हणाली.

शिक्के वापरातून जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. बारदेस्कर सिस्टरनी कपाटाचा खालचा खण उपसला, जुन्या नोंदवह्यांखालून लाकडी मुठीचा गोल शिक्का काढून दिला. शाईची गादी वाळून खडखडीत झाली होती. सिस्टरनी तिच्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले, उत्तरानं शिक्का दाबून बघितला. काहीच उमटलं नाही. मग तिनं शिक्का तोंडाजवळ नेला, त्याच्या रबरावर दोनदा गरम श्वास सोडला आणि कागदावर सगळा भार देऊन दाबला.

फिकट जांभळं वर्तुळ उमटलं. अक्षरं वाचता येत होती.

समीक्षानं ते खिडकीच्या उजेडात धरून तपासलं. शाई अजून ओली होती. तिनं कागदाची घडी घातली नाही. दोन्ही हातांत आडवा धरला, आणि तसाच पुढं धरून, कुणाचा धक्का लागणार नाही अशी जपत, व्हरांड्यातून चालत गेली.